डोळ्यांत कांटा शिरल्यावर दृष्टि कितपत परत येते?

ज्वारीचें धसकट, बाभळीचा कांटा, अथवा पहार ठोकतांना उडालेली लोखंडाची कपची डोळा भेदून आंत गेली, म्हणजे ‘पुन्हां दिसेल काय?’ हेंच जखमी मनुष्य प्रथम विचारतो. उत्तर पुष्कळसें इजेच्या क्षणींच ठरलेलें असतें. थोडा भाग मात्र पुढील चोवीस तास आपल्या हातीं उरतो, व तोच आमच्या शेतकरी बंधूंकडून बहुधा दवडला जातो.

सन २००२ मध्यें फेरेन्स कून आदि नेत्रवैद्यांनीं अमेरिका व हंगेरी येथील अडीच हजारांवर जखमी डोळ्यांच्या नोंदींवरून गुण देण्याची एक रीत बसविली. पिकाची आणेवारी काढावी तशीच ही डोळ्याची आणेवारी होय. प्रथम तपासणींत जितकें दिसतें त्यास सर्वांत अधिक वजन: चांगलें दिसत असल्यास १०० गुण, हाताची हालचाल किंवा उजेडच कळल्यास ७०, उजेडही न कळल्यास ६०. त्यांतून वजावट करितात. बोथट मारानें डोळा फुटल्यास २३, आंत पू धरल्यास १७, वस्तु आरपार गेल्यास १४, मागील पडदा सुटल्यास ११, बाहुलीचा उजेडास प्रतिसाद मंदावल्यास १०. विळ्याच्या स्वच्छ जखमेपेक्षां बोथट मारानें फुटलेला डोळा अधिक वाईट, हें पुष्कळांस खरें वाटत नाहीं.

यांपैकीं पुवाचे १७ गुण पुष्कळ वेळां वांचवितां येतात. काडीकांट्याबरोबर मातींतील जंतु व बुरशी आंत जाते; जखम चोवीस तासांच्या आंत शिवली गेल्यास धोका उतरतो. तेव्हां रुतलेला कांटा उपटूं नये. डोळा चोळूं, दाबूं किंवा धुऊं नये. दूध, मध, तूप कांहींही घालूं नये. कडा हाडावर टेकेल अशी कागदी पेल्याची बुडखी डोळ्यावर अलगद बांधून तडक नेत्ररुग्णालय गांठावें. वाटेंत कांहीं खाऊं नये, कारण भूल द्यावी लागते. लोखंडावर लोखंड आपटतांना इजा झाली असल्यास तें वैद्यास अवश्य सांगावें. अशी बारीक कपची कधीं कधीं दुखतही नाहीं, त्या दिवशीं दिसतेंही चांगलें. परंतु आंत राहिलेलें लोखंड पुढें पडद्यास विषासारखें बाधतें.

दुसऱ्या डोळ्याकडेही लक्ष असावें. फ्रान्समधील लुई ब्रेल यास १८१२ सालीं, तिसऱ्या वर्षीं, बापाच्या खोगीर शिवण्याच्या कारखान्यांत एका डोळ्यास अणकुचीदार हत्यार लागलें. पांचव्या वर्षापर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. असें क्वचितच घडतें, व आज त्यावर उपचारही आहेत. तथापि इजेनंतर महिन्यांनीं वा वर्षांनींही चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसूं लागलें, तर त्याच दिवशीं वैद्याकडे जावें.