अर्ज शाळेंतच भरावा

सोलापूर जिल्ह्यांतील खेड्यांत बारावीचा निकाल लागला म्हणजे पेढे वाटले जातात, आणि थोड्याच दिवसांत त्याच घरांत कॉलेजाच्या फीची चिंता शिरते. गरिबाच्या मुलानें पुढें शिकूं नये, असेंच जणूं ठरलेलें आहे, असें पुष्कळ आईबापांस वाटतें. हा समज खरा नव्हे. शिष्यवृत्त्या आहेत, अडतें तें अर्जापाशीं.

आमच्या सोलापुरांत हजारों स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. विडी कामगारांच्या मुलांस पहिलीपासून केंद्र सरकारच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ति आहे. इंजिनिअरी, डॉक्टरी अशा शिक्षणास ती वर्षास 25,000 रुपयांपर्यंत मिळते. हा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ति पोर्टलावर भरावयाचा. बारावींत बोर्डाच्या वरच्या शेकडा 20 मुलांत आलेल्यांकरितां तेथेंच दुसरी एक आहे. घरचें उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असून निवड झाली तर पदवीच्या वर्गांस दरसाल 12,000 रुपये. राज्य सरकारच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलावर आहेत. शिवाय 2024 सालापासून इतर मागास, आर्थिक व सामाजिक मागास अशा वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस, सरकारी प्रवेशफेरींतून धंदेशिक्षणास जागा मिळाल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे.

हें सर्व उपासनेनंतर वाचून दाखविलें म्हणजे आपलें काम झालें, असें कोणी उपदेशक म्हणेल. तसें नाहीं. अमेरिकेंत 2008 साली दोन संस्थानांत ह्याची परीक्षा झाली. कांहीं कुटुंबांस, तुमच्या मुलास किती मदत मिळेल, एवढेंच सांगितलें. कांहींना शेजारीं बसून अर्ज भरून दिला. दुसऱ्या प्रकारच्या घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांचें प्रमाण शेकडा 34 होतें तें 42 झालें. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यांत कांहीं फरक पडला नाहीं.

एका विडी कामगार बाईच्या मुलीचा अर्ज आम्हीं स्वतः पाहिला आहे. तो बाजारांतल्या एका दुकानीं भरलेला होता. गुणपत्रकावर बापाचें नांव एका तऱ्हेनें, आधारावर दुसऱ्या तऱ्हेनें. खातें आईचें दिलेलें. आणि मोबाइल नंबर, वाचकहो, दुकानदाराचा! अर्ज दुरुस्तीसाठीं परत आला, त्याचा निरोप त्या दुकानदाराच्या मोबाइलवर गेला, आणि मुदत टळून गेली. मुलगी हुशार होती. तें वर्ष तिनें आईजवळ बसून विड्या वळल्या.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मास्तरांनीं व उपदेशकांनीं दिवाळीनंतर एके दिवशीं शाळा सुटल्यावर मुलांस आईबापांसह बसवावें. त्या दिवशीं अर्ज भरूं नये. दहावीचें गुणपत्रक, आधार, रेशनकार्ड, बँकेचें पासबुक आणि विडी कामगाराचें ओळखपत्र शेजारीं शेजारीं मांडून नांवें ताडून पहावीं, अक्षर न् अक्षर. चूक सांपडली तर परीक्षेपूर्वीं दुरुस्तीस वेळ असतो. जून महिन्यांत नसतो. खातें मुलाच्याच नांवें असावें व बँकेंत तें आधाराशीं जोडून घ्यावें. आधाराची प्रत देणें आणि खातें जोडणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळांचे पैसे येथेंच अडकतात.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिल लागल्यावर काढावा, कारण जुन्याची मुदत 31 मार्चला सरते. सेतु केंद्रांतून पावती घ्यावी. 2015 च्या लोकसेवा हक्काच्या कायद्यानें अशा कामांस मुदत बांधलेली आहे, हें तेथें नम्रपणें सांगण्यास हरकत नाहीं.

आमच्या मंडळ्यांकरितां एक नाजूक गोष्ट. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातीचा हक्क हिंदूंपुरता होता. 1956 साली शिखांस व 1990 साली बौद्धांस तो मिळाला, ख्रिस्ती लोकांस नाहीं. तो न्याय कीं अन्याय, हा वाद पुष्कळ वर्षांचा आहे, व आमचें मत वाचकांस ठाऊकच आहे. तथापि मुलाच्या अर्जांत तो वाद मिटविण्याचा यत्न करूं नये. दाखल्यांत जें लिहिलें आहे तेंच भरावें. आजोबांच्या जुन्या दाखल्यावरून दुसऱ्या वर्गांत अर्ज केला तर पुढें मिळालेली रक्कम परत करण्याची पाळी येते, आणि मुलाची अब्रू जाते ती निराळीच.

राष्ट्रीय पोर्टलावर नोंदणी केली म्हणजे 14 अंकांचा एक क्रमांक मिळतो, तो शिक्षण संपेपर्यंत चालतो. महाडीबीटीवरील अर्ज कॉलेजांत प्रवेश झाल्यावर पुरा होतो. तो प्रथम कॉलेजाची कचेरी तपासते, मग सरकारी खातें. नंबर घरचाच द्यावा. दोन्ही क्रमांक व पासवर्ड मुलानें स्वतःच्या हातानें वहींत लिहावेत, आणि अर्ज परत आला आहे काय, हें दर शनिवारीं मास्तरांच्या देखत पहावें. पुढील वर्षीं हाच अर्ज पुन्हा नवा करावा लागतो, तेव्हां ती वही टाकून देऊं नये.