शाळेतील मुलांचे त्वचारोग : ओळख, उपाय व पाठ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागतात, त्याच सुमारास पेठ वडगावच्या आसपास उसाचे गळीत सुरू होते. बीडकडून व इतर दुष्काळी भागांतून तोडणी कामगारांची बिऱ्हाडे येतात, वारणाकाठच्या शिवारांत खोपी उभ्या राहतात आणि त्या खोपींतील काही मुले नजीकच्या शाळेत येऊन बसू लागतात. जानेवारी उजाडेपर्यंत वर्गात अंग खाजविणाऱ्या मुलांची संख्या वाढलेली शिक्षकांच्या ध्यानात येते. खरूज खोपीतून आली, असा निष्कर्ष लगोलग काढला जातो. तो अर्धाच खरा असतो. थंडीत एका वाकळेखाली चार भावंडे झोपतात, ती खोपीतही झोपतात आणि चौसोपी वाड्यातही. खरजेच्या किड्यास दोहोंतील भेद कळत नाही. शिवाय पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसास खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जानेवारीत खाजविणाऱ्या मुलास लागण डिसेंबरात केव्हा तरी झालेली असते, आणि ती कोणापासून झाली हे ठरविणे अशक्यप्राय असते. तरीही मागच्या बाकावर किंवा दाराशी बसविले जाते ते बहुधा खोपीतलेच मूल.

त्वचेचे विकार इतर रोगांहून निराळे आहेत ते या एका बाबतीत. पोटातील जंत कोणास दिसत नाहीत. अंगावरचा डाग सर्वांस दिसतो. म्हणून वैद्य येण्यापूर्वी तेथे चर्चा पोहोचते आणि चर्चेपाठोपाठ टोपणनाव. ‘खरजुल्या’, ‘कोड्या’ ही नावे एकदा चिकटली म्हणजे रोग बरा झाल्यावरही सुटत नाहीत. शिक्षकाने डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु डाग पाहून तीन गोष्टी विचारता आल्या, तरी पुष्कळ काम होते. खाज आहे काय, विशेषतः रात्री? घरात आणखी कोणास तशीच खाज आहे काय? आणि त्या जागी स्पर्श कळतो काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी शाळेत आढळणाऱ्या बहुतेक विकारांची मोघम विभागणी होऊन जाते.

खरूज

खरूज हा अस्वच्छतेचा रोग नव्हे, हे प्रथम मनाशी पक्के करावे. तो एका सूक्ष्म किड्याचा उपद्रव आहे. मादी त्वचेच्या वरच्या थरात बीळ कोरून त्यात अंडी घालते. १६८७ साली बोनोमो व चेस्तोनी या दोन इटालियन संशोधकांनी सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहून रोगाचे कारण सांगितले. एखाद्या रोगाचे नेमके कारण असे डोळ्यांनी दाखविता आल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक मानले जाते. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवतालचा भाग, कंबर व जांघ या त्याच्या आवडत्या जागा. तान्ह्या मुलांत तळहात, तळपाय व डोकेही सुटत नाही. रात्री अंथरुणात ऊब मिळताच खाज वाढते, हे त्याचे मोठे लक्षण. रात्रभर खाजविणारे मूल दिवसा पेंगते. त्याची गणना ‘मंद’ मुलांत करण्यापूर्वी त्याचे हात एकदा उजेडात पाहावेत.

उपचार अवघड नाही. अवघड आहे तो सर्वांनी एकाच वेळी करणे. परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांसह, रात्री लावून सकाळी धुवावयाचे आणि साधारणतः आठवड्याने पुन्हा लावावयाचे. घरात सात माणसे असतील तर सातही जणांनी एकाच रात्री. ज्यास खाज नाही त्यानेही. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्याकरिता डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. वापरातील कपडे व पांघरुणे गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत. जी वाकळ धुणे शक्य नाही ती पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवावी, कारण माणसाच्या अंगावेगळा झालेला किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. किडे मेल्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. औषध लागू पडले नाही असे समजून लोक या काळात भलतेच काही लावतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने स्नान घालण्यास हरकत नाही, मात्र त्याने खरूज जाते असे समजू नये. बिब्बा, रॉकेल यांचा प्रयोग मात्र कठोरपणे थांबवावा. बिब्ब्याने भाजलेली कातडी खरजेहून अधिक दिवस छळते.

गावाकडे कोरडी खरूज व ओली खरूज असा भेद करतात. ओली म्हणजे खाजविलेल्या जागी जंतू शिरून पू झालेली. हीच अवस्था धोक्याची आहे, आणि शिक्षकांस बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट येथेच सांगावयाची आहे. या फोडांतील एका प्रकारच्या जंतूंमुळे काही आठवड्यांनी मुलाच्या मूत्रपिंडांस सूज येऊ शकते. सकाळी शाळेत आलेल्या मुलाचे डोळे व चेहरा सुजलेला दिसला, लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची होत असल्याचे त्याने सांगितले आणि महिन्याभरात त्याच्या अंगावर फोड होते असे आठवले, तर त्याच दिवशी पालकांस बोलावून मुलास दवाखान्यात धाडावे. उसाच्या पाल्याने कापलेल्या हातापायांवर माशा बसून होणारे फोडही याच मालिकेतील आहेत. त्यांस ‘चालतेच’ म्हणू नये.

गजकर्ण, चिखल्या व शिबे

ही तिन्ही बुरशीची कामे. गजकर्णास नायटा असेही म्हणतात. कडा उठलेले, मध्यभागी निवळलेले वर्तुळ हे त्याचे रूप. डोक्यावर झाल्यास केसांचा पुंजका जाऊन खपली धरते, आणि तेथे नुसते मलम चालत नाही, पोटातून औषध घ्यावे लागते. टाकळ्याचा पाला चोळण्याचा रिवाज जुना आहे. टाकळ्याची भाजी करून खावी हे अधिक बरे. खरे संकट टाकळ्याचे नसून डबीतील मलमांचे आहे. बाजारच्या दिवशी किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, लावणारा आनंदतो. बुरशी मात्र आतल्या आत पसरत जाते, वर्तुळाचा आकार हरवतो आणि पुढे योग्य औषधही लवकर दाद देत नाही. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण हटवादी झाले आहे, त्याचे एक मोठे कारण हेच, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. पालकसभेत ही एक गोष्ट जरी सांगितली तरी सभेचे सार्थक होईल.

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत वारणाकाठच्या निलेवाडी, खोची अशा गावांनी दिवसेंदिवस पाण्यात व चिखलात वावरण्याचा अनुभव घेतला. जिल्ह्यातील अनेक शाळा तेव्हा निवाऱ्याची ठिकाणे झाल्या होत्या. पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटणे, म्हणजे चिखल्या, हा अशा दिवसांतील नेहमीचा विकार. पाय कोरडे ठेवणे हाच त्यावर निम्मा उपचार आहे. छाती-पाठीवरचे शिबे तर पुष्कळदा केवळ दिसण्याचाच त्रास देते.

मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खरखरीत चट्टे दिसतात, त्यांस घरोघरी ‘जंत झाले’ म्हणतात. बहुतेक वेळा तो कोरड्या त्वचेचा सौम्य विकार असतो आणि खोबरेल तेलाने व वाढत्या वयाने आपोआप जातो. जंताची गोळी शाळेत मिळते ती अवश्य द्यावी, परंतु चट्ट्यांकरिता नव्हे.

कोड आणि कुष्ठ : नावाने झालेला घोटाळा

प्राचीन आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचाविकारांच्या मोठ्या समूहास लावीत. सुश्रुताने सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली आहेत, आणि आज ज्यास नायटा म्हणतात तो ‘दद्रु’ही या यादीत आहे. पुढे ‘कुष्ठरोग’ हे नाव एकाच रोगास रूढ झाले. पण कोडास ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याची रीत तशीच राहिली. एका शब्दाने किती घरांतील विवाह मोडले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कोडात त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढेच. ते जंतूंनी होत नाही, स्पर्शाने पसरत नाही, दूध व मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. चट्टा दुधासारखा पांढरा असतो आणि तेथे स्पर्श पूर्ण कळतो. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्या व्यक्तींकरिता केलेले काम व त्यातूनच पुढे आलेला, सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट (२००६) शिक्षकांनी पाहण्याजोगा आहे.

कुष्ठरोगाचा डाग निराळा. तो फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही, तेथे घाम येत नाही आणि स्पर्श, ऊन-थंड कळेनासे होते. डाग त्रास देत नाही म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. हेच त्याचे कपट. याचे जंतू १८७३ साली नॉर्वेतील हॅन्सेन यांनी शोधले. बहुतेक माणसांत या जंतूंविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासातून, मुख्यतः श्वासावाटे लागण होते आणि लक्षणे दिसावयास सरासरी पाच वर्षे जातात. ज्या गावात मुलाच्या अंगावर असा डाग आढळतो तेथे प्रौढांपैकी कोणी तरी उपचारावाचून वावरत आहे असा त्याचा अर्थ असतो. म्हणून मुलाचा डाग ओळखणे म्हणजे एका मुलापुरती गोष्ट नव्हे.

महाराष्ट्राने या रोगाशी दिलेला लढा मोठा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम आरंभिले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन १९४६ साली उभे राहिले. वरोड्यास बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून आनंदवन वसविले. कोल्हापूरकरांस शेंडा पार्कचे कुष्ठधाम परिचित आहेच. त्या काळी वसाहती आवश्यक होत्या, कारण समाज रोग्यास घरात ठेवीत नव्हता. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि चित्र पालटले. सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी रोग बरा होतो, उपचार सुरू होताच संसर्ग थोड्याच काळात थांबतो, आणि मूल घरी राहून शाळेत जाऊ शकते. २००५ अखेर देशपातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. रोग संपला असा त्याचा अर्थ मुळीच नाही. कायद्यानेही पावले टाकली : १८९८ चा कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९ साली विवाहविषयक कायद्यांतून घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख वगळण्यात आला. शाळेच्या बाकाला मात्र कायदा लागत नाही. तेथे शिक्षकाचीच सत्ता चालते.

वर्गातील पाठ

चौथीच्या वर्गास पुढील पाठ देता येईल. प्रत्येकास एक तीळ द्यावा आणि सांगावे की, या तिळाच्या लांबीवर खरजेचे आठएक किडे एका ओळीत मावतील. मुलांस अंदाजाची गोडी असते; ती तीळ हातात घेऊन बराच वेळ पाहत राहतात. नंतर एका मुलाच्या तळहातास रंगीत खडूची पूड लावावी व त्याने शेजाऱ्याचा हात काही वेळ धरून ठेवावा, त्याने पुढच्याचा. पूड किती हातांवर गेली ते मोजावे. ज्याच्या अंगावर खरोखर पुरळ आहे अशा मुलास पहिला कधीही करू नये.

या प्रयोगात एक धोका आहे. वर्गात कोड असलेले मूल असेल तर इतर मुले खडूच्या पुडीचा नियम त्याच्या डागासही लावतील. यास्तव हा पाठ एकट्याने संपवू नये. दुसऱ्याच दिवशी ‘स्पर्शाने काय जात नाही’ याची यादी मुलांकडूनच फळ्यावर करवावी : तीळ, चामखीळ की जन्मखूण? भाजल्याचा व्रण? कोड? येथे मुले वाद घालतात. चामखीळ विषाणूंमुळे होते व पसरूही शकते, तीळ व जन्मखूण तशी नव्हे, हे त्या वादातूनच निघते. वाद घालू द्यावा.

खरूज किंवा गजकर्ण असलेल्या मुलास पहिला उपचार होताच शाळेत बसू द्यावे. महिनाभर घरी ठेवण्याचे कारण नाही. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी राहणे योग्य. संशयास्पद डाग दिसल्यास तो वर्गासमोर पाहू नये, टाचणी टोचून स्पर्शाची परीक्षा तर कदापि करू नये. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणीस येणाऱ्या पथकाचे आहे. अधिक तपासणीची गरज भासल्यास कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. मुलीची तपासणी शिक्षिकेच्या किंवा आईच्या उपस्थितीतच व्हावी. पालकांस निरोप मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन धाडू नये, कारण ती वाटेत चार जण वाचतात, समक्ष सांगावे. हजेरीपत्रकाच्या शेऱ्यात रोगाचे नाव न लिहिता ‘आरोग्य केंद्राकडे पाठविले’ एवढेच व तारीख नोंदवावी, आणि पंधरा दिवसांनी त्याच ओळीपुढे मूल परत तपासून घेतल्याची दुसरी तारीख घालावी.