'तापते' नको म्हणूस, 'कधी तापते' ते सांग

ये, बस अशी. आधी चहा घे, मग गाडीचं बोलू. तुझा चेहराच सांगतोय की आज परत तो तापमानाचा काटा वर गेला. सिग्नलला उभी राहून एक डोळा दिव्यावर, एक डोळा काट्यावर आणि तोंडात देवाचं नाव, असंच ना? अगं, मी यातून गेलेय. गाडी बाबांकडून आलेली असो, सासऱ्यांनी 'आता तूच वापर' म्हणून दिलेली असो, नाहीतर स्वतःच्या पैशांनी सेकंडहँड घेतलेली असो, पंधरा-अठरा वर्षांची झाली की एकदा तरी तापतेच. म्हणून ती लगेच भंगारात काढायची नसते. आणि 'मला यातलं काही कळत नाही' हे तर अजिबात म्हणू नकोस. कुकरची शिट्टी, उतू जाणारं दूध, गीझरमध्ये साठणारा क्षार हे सगळं तुला कळतं. मग इंजिनाचं पाणीही कळेल.

खरं सांगू का, माझी पहिली चूक बोलण्यातली होती. मी गॅरेजमध्ये जायचे आणि सांगायचे, "गाडी तापते हो." बस्स, एवढंच. त्यांनी रेडिएटर धुऊन दिला. आठवड्यानं पुन्हा तेच. मग होज पाइप बदलले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं, "ताई, कधी तापते? उभी असताना की पळताना?" आणि मला सांगता येईना! पोराला ताप आला तर सकाळी किती, रात्री किती, हे मी डॉक्टरांना झोपेतसुद्धा सांगितलं असतं. गाडीचं मात्र काही नाही. मग आठवडाभर दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहीत गेले. निघाल्यापासून किती वेळानं काटा चढला, गाडी उभी होती की चालू, एसी होता की नव्हता. आठव्या दिवशी ते पान मिस्त्रींपुढे ठेवलं. फक्त सिग्नलला, फक्त उभी असताना. त्यांनी पाच मिनिटांत पंख्याचा रिले काढून दाखवला, काडेपेटीपेक्षाही लहान डबी. तोवर माझे दोन वेळचे पैसे पाण्यात गेले होते.

आता हे पाणी फिरतं कसं ते बघ, म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. इंजिनाच्या आतल्या वाटांमधून कूलंट फिरतं आणि उष्णता घेऊन पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे वारा त्याला निववतो आणि ते परत आत जातं. ढकलायचं काम वॉटर पंपाचं. मध्ये एक दार असतं, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना ते बंद राहतं आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतं. आणि रेडिएटरचं झाकण म्हणजे अगदी आपल्या कुकरचं झाकण. दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११५-१२० पर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर गेलं की कुकरसारखीच गत, वाफ फुसफुसत निघून जाते आणि पाणी कमी होत राहतं. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, म्हणून संशय आला तर आधी ती बदल. फक्त झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, तोच बघून घे.

आता ते 'कधी'. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? मग पंखा बघ, कारण पळताना वारा फुकट मिळतो, उभी असताना तो पंख्यानंच द्यायचा असतो. याच्या उलट, गावात ठीक आणि घाटात किंवा हायवेवर तापते? मग पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोक असेल, बेल्ट घसरत असेल, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल. निघाल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा लाल पट्ट्याकडे पळतो? पाणी फारच कमी आहे, पंप फिरवत नाहीये किंवा थर्मोस्टॅट बंदच अडकलाय. काटा वर-खाली नाचतो? आत हवा अडकली असेल. आणि एक लक्षात ठेव, तापलेल्या गाडीचा काटा एकदम खाली पडला तर हुश्श म्हणू नकोस. कधीकधी पाणी इतकं आटतं की मोजणाऱ्या सेन्सरपाशी ते उरतच नाही.

रस्त्यावर असं झालं तर काय करायचं, ते माझ्या फजितीवरून शीक. मे महिना, साताऱ्याला लग्न, गाडीत आम्ही पाच जण आणि रुखवताचे डबे. शिरवळलाच काटा अर्ध्याच्या वर होता. मी म्हटलं, बघू पुढे. पुढे खंबाटकीचा घाट! वाहनांची रांग, त्यात मी हट्टानं तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटतेय, एसी चालू, कारण जावेचा मेकअप. अर्ध्या घाटात बॉनेटखालून वाफ आली. मी उतरले आणि शहाण्यासारखी पदरानं रेडिएटरचं झाकण धरायला गेले. मागून एक ट्रकवाले दादा इतक्या जोरात ओरडले, "ओ ताई, हात काढा!" म्हणून आज हे हात शाबूत आहेत. शिट्टी न काढता कुकर उघडशील का गं तू? मग हे झाकण कशाला उघडतेस? आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

तेव्हा क्रम नीट ऐक. काटा नेहमीपेक्षा वर सरकताना दिसला की आधी एसी बंद. मग खिडक्या उघड आणि हीटर पूर्ण जोरात लाव. हो, मे महिन्यातसुद्धा! हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढून घेतो. नवरा 'वेड लागलं का' म्हणेल, म्हणू दे. घाटात खालच्या गिअरमध्ये ये, इंजिनाला कण्हायला लावू नकोस. तरी काटा लालकडे गेला किंवा वाफ दिसली की कडेला घे आणि इंजिन बंद कर. 'एवढा घाट संपू दे' हा मोह टाळ, कारण त्या दोन किलोमीटरमध्येच इंजिनाचं हेड वाकडं होतं आणि हजारांचं काम होऊन बसतं. मग किमान अर्धा-पाऊण तास थांब. रेडिएटरचा वरचा होज हाताला सोसण्याइतका थंड आणि मऊ लागला की जाड फडकं घेऊन झाकण हळूहळू सोड. बर्फातली बाटली ओतू नकोस. तापल्या तव्यावर गार पाणी टाकल्यावर काय होतं, माहितेय ना? साधं पाणी घे आणि थोडं थोडं घाल. अडचणीच्या वेळी साधं पाणी चालतं. आणि घाटात चाकाखाली लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाक हं. तो तसाच ठेवून जाणाऱ्यांचा मला फार राग येतो.

खंबाटकीचं कारण काय निघालं, माहितेय? मीच! दोन वर्षं मी आमच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालत होते. गीझरची कॉइल जशी पांढरी होते, तशा त्याच्या नळ्या आतून भरल्या होत्या. कूलंट हे नुसतं रंगीत पाणी नसतं बघ. ते गंज धरू देत नाही आणि उकळबिंदूही वर नेतं. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं कर, नाहीतर तयार मिश्रण आण. दोन रंगांची एकत्र करू नकोस, गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच घाल आणि मुदतीत बदल. आणि सांडलं तर लगेच पूस. ते चवीला गोडसर असतं आणि मांजर-कुत्र्यांसाठी विष असतं.

आता उद्या सकाळी, गाडी रात्रभर गार झालेली असताना, दहा मिनिटं दे. आज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेव. बिनरंगी पाण्याचा डाग असेल तर ते एसीचं, सोडून दे. हिरवट किंवा लालसर, चिकट डाग असेल तर तो कूलंटचा, आणि डाग कुठे पडलाय त्यावरून गळती कुठली तेही कळतं. मग बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीतली पातळी बघ, दोन खुणांच्या मध्ये हवी. पण नुसत्या बाटलीवर विश्वास ठेवू नकोस. मी ठेवला होता. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, कारण झाकण खराब झाल्यामुळे पाणी परत ओढलंच जात नव्हतं. तेव्हा इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघ, पाणी काठोकाठ हवं. चहासारखं तपकिरी दिसलं तर आत गंज आहे. होज दाबून बघ, फार लिबलिबीत किंवा चिरा पडलेले नकोत. बेल्ट सैल किंवा झिजलेला नाही ना, ते बघ. सकाळी सुरू करताना किंचाळत असेल तर तोही पुरावाच.

शेवटी पंखा. गाडी चालू करून एसी लाव. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतो. दोन असतील तर दोन्ही बघ. मग एसी बंद करून गाडी तशीच चालू ठेव. काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप लागायला हवा. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर सेन्सरचा दोष. दोन्ही वेळा ढिम्म, तर फ्यूज, रिले किंवा मोटर. मात्र ओढणी, वेणी, बांगड्या आवरून उभी राहा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो पंखा अचानक सुरू होतो.

थर्मोस्टॅटची गंमत सांगते. आमचा बाहेर काढला तेव्हा मिस्त्री म्हणाले, घरी उकळून बघा. मी तो टोपात दोऱ्यानं टांगला आणि गॅस पेटवला. चांगला असेल तर पाणी उकळायच्या आधीच उघडायला लागतो. सासूबाई आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे शिजायला किती वेळ लागतो गं?" पाणी खळखळा उकळलं तरी आमचा उघडला नाही, एवढं मात्र कळलं.

बरं, गॅरेजमध्ये दोन जुगाड हमखास सुचवतील. एक, "थर्मोस्टॅट काढूनच टाकू." नको म्हण. मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झीजही वाढते. दुसरा, "पंखा डायरेक्ट करू", म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरूच. एखाद्या दिवशी घरी पोचायला ठीक, पण त्यानं खरा दोष झाकला जातो आणि पुढच्या माणसाला सापडत नाही. जुनी गाडी घेतली असशील तर यातलं काही आधीच करून ठेवलंय का, तेही विचार.

आणि ज्याच्या भीतीनं तुला रात्री झोप लागत नाही, ते हेड गॅस्केट. त्याच्या खुणा वेगळ्या असतात. कुठेही गळती नाही तरी पाणी कमी होतं. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतं. नुसता ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस असेल तर घाबरू नकोस, रोज जेमतेम दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीत तो दमटपणानंही येतो. कुणी 'हेड खोलावं लागेल' म्हटलं तर आधी कूलिंगचं प्रेशर टेस्टिंग करून मागायचं आणि बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागायचे. मागताना लाजू नकोस. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालतेस, तर हे तर तुझं इंजिन आहे.

चल, चहा संपव. ही घे वही, पहिलं पान मीच आखून ठेवलंय. तारीख, उभी की चालू, एसी, किती मिनिटांनी. आठवडाभर लिही, मग गॅरेजला जा आणि मिस्त्रींनी विचारायच्या आधी तूच सांग. बघ, ते वर मान करून बघतील तुझ्याकडे. आणि थर्मोस्टॅट उकळायची वेळ आलीच, तर टोप जुना घे गं. माझ्या त्या टोपात सासूबाईंनी पुन्हा कधी चहा केला नाही.