फाईलवरचा एफ 84.0 आणि प्रमाणपत्रावरचे 70 टक्के

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. पहिल्या डॉक्टरांनी फाईलवर ‘एफ 84.0’ लिहिलं. दुसऱ्यांनी ‘6ए02’ लिहून दिलं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बोर्डासमोर नेलं, तिथे ‘आयएसएए 112’ अशी नोंद झाली आणि प्रमाणपत्रावर 70 टक्के आले. घरचे विचारतात, पोराला आहे तरी काय काय? आणि 70 टक्के ऑटिझम म्हणजे तो 30 टक्केच ठीक आहे का?
– एक आई, लकडगंज, नागपूर

उत्तर : ताई, पहिल्यांदा हे मनातून काढून टाका की मुलाला तीन वेगवेगळे त्रास आहेत. तिन्ही कागद ऑटिझमबद्दलच, म्हणजे स्वमग्नतेबद्दलच बोलतात. फक्त ते तीन वेगळ्या कामांसाठी तयार झालेत.

एफ 84.0 आणि 6ए02 हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या यादीतले क्रमांक आहेत. पहिला 10व्या आवृत्तीतला. ती 1990 साली मंजूर झाली आणि आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांत आजही तीच चालते. तीत ऑटिझमचे तुकडे पाडलेले होते : एफ 84.0 म्हणजे बालपणीचा ऑटिझम, 84.1 म्हणजे सगळी लक्षणं न जुळणारा, 84.5 म्हणजे अ‍ॅस्पर्जर. 11वी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली आणि हे तुकडे 6ए02 या एका क्रमांकाखाली आले. आता फरक दाखवतो तो टिंबापुढचा आकडा. बौद्धिक वाढ आणि रोजच्या वापरातली भाषा, या दोन गोष्टी तो सांगतो. 6ए02.0 म्हणजे बौद्धिक अक्षमता नाही आणि भाषेची अडचण नाही किंवा थोडीच. 6ए02.5 म्हणजे बौद्धिक अक्षमता आहे आणि कामापुरती भाषाही जवळजवळ नाही. या दोन मुलांच्या गरजांमध्ये केवढं अंतर आहे! तुमच्या कागदावर टिंबापुढे काहीच नसेल, तर का नाही, हे जरूर विचारा.

आणखी एक गोम आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांचं डीएसएम-5 हे पुस्तक 2013 साली आलं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर निदानासाठी ते वापरतात. त्या पद्धतीत संपूर्ण ऑटिझम स्पेक्ट्रमलाच एफ 84.0 हा कोड दिला जातो. म्हणजे कोड तोच आणि अर्थ दोन. म्हणूनच कोडशेजारी काय लिहिलंय ते महत्त्वाचं. 440008 या पिनकोडवरून पत्र लकडगंजला पोहोचतं, पण घरात कोण राहतं हे त्यातून कळत नाही. निदानाच्या कोडचंही असंच आहे.

आता 112. आयएसएए ही सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने भारतीय मुलांसाठी बनवलेली मोजपट्टी. तीत 40 मुद्दे आहेत : नजरेला नजर देणं, भावनांना प्रतिसाद, बोलणं, वागण्यातली पुनरावृत्ती, आवाज-स्पर्श कसा सहन होतो, वगैरे. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. म्हणजे यातलं एकही लक्षण नसलेल्या मुलाचे गुणसुद्धा 40च येतात, शून्य नव्हे. 70च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र. तुमचा मुलगा मध्यम गटाच्या अगदी सुरुवातीला आहे.

या गुणांवरून सरकारी तक्त्यानुसार टक्केवारी ठरते, आणि ती सवलतींसाठी असते. कायद्याने 40 टक्क्यांची रेषा आखली आहे. ती ओलांडली की अनेक योजनांची दारं उघडतात. तुमचं मूल 70 टक्के बिघडलेलं आहे, असं हा आकडा म्हणत नाही. घरात कोणी तसं म्हणत असेल, तर हे उत्तर वाचून दाखवा.

ही नोंद मिळवायलाही पालकांना फार थांबावं लागलं आहे. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत त्याला स्वतंत्र जागा दिली. त्याआधी अशा मुलांना मतिमंदत्वाच्या रकान्यात बसवलं जाई, बुद्धी चांगली असली तरी. आज राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, ते प्रमाणपत्रावर ‘ऑटिझम’ हा शब्द आहे म्हणूनच.

पण थेरपिस्टला आणि शाळेच्या बाईंना कोड किंवा टक्के बघून काहीच सुरू करता येत नाही. त्यांना वर्णन लागतं, आणि नेमकी तिथेच आपल्याकडच्या फायली कोऱ्या असतात. ‘ऑटिझम, थेरपी सुरू करा’ एवढ्या एका ओळीवर पालकांना घरी पाठवणं मला अन्यायाचं वाटतं. उदाहरण तुमच्याच वस्तीचं घ्या. आरामशीनची घरघर सुरू झाली की मूल कान दाबून कोपऱ्यात बसतं, मशीन बंद झाली तरी बराच वेळ उठत नाही. ‘आवाजाचा त्रास’ या दोन शब्दांत हे मावत नाही. कोणता आवाज, किती अंतरावरून, किती वेळ, आणि कशाने शांत होतो, हे लिहिलं तर शाळा त्याला घंटेपासून दूरचा बाक देऊ शकते. तसंच भाषेचं. घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि तपासणी इंग्रजी चित्रांवर झाली असेल, तर अहवालात ते नमूद व्हायलाच हवं. नाहीतर न समजलेला प्रश्न ‘भाषा नाही’ म्हणून नोंदला जाईल.

तेव्हा पुढच्या भेटीला जाताना अशा चार-सहा प्रसंगांची तारीखवार नोंद घेऊन जा आणि जमल्यास मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांकडून सविस्तर लेखी अहवाल मागा : काय पाहिलं, कोणती चाचणी, कोणत्या भाषेत, निदान पक्कं की तात्पुरतं, पुन्हा तपासणी कधी. मागायला संकोचू नका. मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने नोंदी मागितल्या, तर त्या 72 तासांत द्याव्या लागतात. शाळेला मात्र पूर्ण फाईल देऊ नका. प्रमाणपत्राची प्रत आणि मुलाच्या गरजांचं एक पान पुरेसं आहे. मूळ कागद घरीच ठेवा.