खात्याचे नाव आणि नफ्याचे सत्य

गावातील दूध संस्थेचा व्यवहार लहान असला तरी त्याला दोन बाजू असतात. एका खात्यास जी रक्कम नावे पडते, तीच दुसऱ्या खात्यास जमा होते. लुका पाचोली याच्या १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात वर्णिलेली ही द्विनोंदी पद्धती आजही हिशेबाचा पाया आहे.

खात्यांचे परंपरेने तीन प्रकार मानले जातात. सभासद, बँक, व्यापारी यांची व्यक्तिगत खाती : घेणारा नावे, देणारा जमा. रोकड, इमारत, वजनकाटा यांची वास्तव खाती : येते ते नावे, जाते ते जमा. पगार, दुरुस्ती, व्याज यांची नामधारी खाती : खर्च व तोटा नावे, उत्पन्न व लाभ जमा.

समजा, संस्थेने ६,००० रुपयांचा वजनकाटा उधारीवर घेतला. वजनकाटा खाते नावे व व्यापाऱ्याचे खाते जमा होईल. पुढे त्याच्या किरकोळ दुरुस्तीस ८०० रुपये रोख लागले, तर दुरुस्ती खाते नावे व रोकड खाते जमा. सचिवाने ही रक्कम चुकून वजनकाटा खात्यास नावे टाकली, तरी तेरीज जुळेलच. मात्र, घसारा बाजूला ठेवल्यास, नफा ८०० रुपयांनी फुगलेला दिसेल. अशा न झालेल्या नफ्यातून लाभांश वाटला गेल्यास सभासदांच्याच भांडवलास हात लागतो.

म्हणून ताळेबंदास मान्यता देताना बेरजा जुळल्या एवढ्यावर समाधान न मानता, रक्कम योग्य खात्यात पडली आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.