त्वचेवरील तांबडे ठिपके : कारणे आणि पारख

पावसाळा सरत असताना शाळेत एखादे मूल अंगावर तांबडे ठिपके घेऊन येते. घरची मंडळी ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घालतात आणि स्वस्थ राहतात. पुष्कळदा ठिपके आपोआप जातातही. कारण घामोळे, ढेकूण-डासांचे दंश आणि अंगावर उठणारे पित्त ही त्यांची नित्याची कारणे होत. त्यांना बहुधा खाज असते. पित्ताच्या गांधी तर काही तासांत एका जागी विरून दुसरीकडे उमटतात. प्रश्न उरतो तो न खाजणाऱ्या, अचानक उमटलेल्या ठिपक्यांचा.

त्यांची पहिली पारख काचेच्या साध्या पेल्याने करता येते. पेल्याची बाजू ठिपक्यावर दाबून आरपार पाहावे. रंग मावळला, तर तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या केवळ रुंदावलेल्या असतात. रंग तसाच राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर येऊन त्वचेत झिरपलेले असते. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या कणिका एका घनमिलिमीटर रक्तात सामान्यतः दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या झपाट्याने घटू शकतात आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात. येथे एक गैरसमज घातक ठरतो. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात. परंतु डेंग्यूत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या वा हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते.

ताप, मान ताठणे, ग्लानी आणि न मावळणारे जांभळट डाग एकत्र दिसले, तर मेंदूच्या आवरणाचा दाह संभवतो. तेथे विलंब काही तासांचाही परवडत नाही. उलट, रंग मावळला म्हणजे आजार साधा, असेही मानू नये. गोवराचे पुरळ प्रारंभी दाबल्यावर मावळते.

पाठ्यपुस्तकांतील चित्रे बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. सावळ्या त्वचेवर तांबडेपणा सहज दिसत नाही. म्हणून तळहात, तळपाय, टाळू आणि पापणीची आतली बाजू पाहावी. शेतात वा गवतात वावरणाऱ्यास ताप असेल, तर काख, जांघ, कंबर येथे विस्तवाने डागल्यासारखी काळी खपली शोधावी. ती स्क्रब टायफसची खूण होय. विदर्भात २०१८ साली या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. डॉक्सिसायक्लिन वेळीच मिळाल्यास तो बरा होतो.

एक चट्टा मात्र तापही आणत नाही, दुखतही नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. फिकट वा तांबूस चट्ट्यावर डोळे मिटून कापसाचा स्पर्श जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो, आणि तो सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. अशा मुलास शाळेतून काढण्याचे कारण उरत नाही.