६१७४

नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९३० साली ते देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. संख्यांशी खेळणे हा त्यांचा आजन्म छंद होता. या छंदातूनच त्यांना एक नवल गवसले.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक प्रथम उतरत्या व मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. उत्तर तीन अंकी आल्यास त्याच्या डावीकडे शून्य मांडावे. कापरेकरांचे जन्मवर्षच उदाहरणादाखल घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे अंक मांडून वजाबाकी केली, तर पुन्हा ६१७४ च येते. प्रवास येथे संपतो. प्रारंभी कोणतीही संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचावे लागते.

हा चमत्कार म्हणावा काय? तसे नाही. ही वजाबाकी केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाची ९९९ पट व दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज केली की उत्तर मिळते. १९०५ मध्ये हे फरक ९ व ४ आहेत; म्हणून ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१ झाले. पहिला फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो, आणि दुसरा त्याहून मोठा कधीच नसतो. अशा जोड्या ५४ च होतात. म्हणजे नियमात बसणाऱ्या ८९९१ संख्या एकाच पायरीत ५४ संख्यांवर येऊन ठेपतात. या ५४ संख्या कोणीही चिकाटीने तपासून पाहाव्यात. प्रत्येकीची वाट अखेर ६१७४ लाच मिळते. कारण कळले म्हणून आनंद उणावत नाही, उलट दुणावतो.

या संख्येत आणखीही एक मौज आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ होते, आणि १८ ने तिला भागल्यास ३४३, म्हणजे ७ × ७ × ७, हे उत्तर येते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे नाव दिले.

हा विषय अनेक विद्वानांना क्षुल्लक वाटे. तरीही कापरेकर लहान लहान पुस्तिका छापून आपले शोध लोकांपुढे ठेवीत राहिले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला, तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे लोटली होती. १९८६ साली कापरेकर निवर्तले.

आज ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. तिच्या शोधाला लागली ती प्राथमिक शाळेतली वजाबाकी, आणि एकदा केलेली गोष्ट पुन्हा करून पाहण्याची जिज्ञासा.